मांडणीस आणि ओले टॉवेल

कोथिंबीर आणायला विसरल्याबद्दल पराग साळवेकरने बायकोपुढे नऊ स्लाइडचं सादरीकरण केलं, तेव्हा केतकीने शेवटपर्यंत शांतपणे पाहून एकच प्रश्न विचारला.

"यात कोथिंबीर कुठे आहे?"

"परिशिष्टात," पराग म्हणाला.

तो चेष्टा करत नव्हता. पहिल्या स्लाइडवर उगवता सूर्य होता, दुसरीवर 'बाजारपेठेतील आव्हाने' होती आणि सातवीवर वर जाणारा एक हिरवा बाण होता. बाण कशाचा होता, हे परागलाही ठाऊक नव्हतं. शेवटच्या स्लाइडवर 'आभार' असं लिहिलेलं होतं. केतकीने ते स्वीकारले नाहीत.

ही गोष्ट दोन हजार चाळीसनंतरची आहे, म्हणजे अजून घडायची आहे. पण तोवर आपली माणसं फारशी बदलणार नाहीत, या भरवशावर ती आत्ताच सांगून टाकायला हरकत नाही.

पराग हिरडेगाव नगरपरिषदेत सादरीकरण अधिकारी होता. कचेरीत पूर्वी सुबक अक्षराचा कारकून असे, मग टंकलेखक आला, मग संगणकवाला आला; त्याच घराण्यातला हा पुढचा पुरुष. त्याच्या हाताखाली माणूस एकही नव्हता. मांडणीस होता.

मांडणीस म्हणजे स्लाइड तयार करणारा आणि सुधारणारा शासकीय मदतनीस. यंत्रच, पण बोलायला अदबशीर; कचेरीच्या प्रोजेक्टरमध्ये असे, तसा परागच्या फोनमध्येही. सुरुवातीला तो साधाच होता. 'पाणीपट्टीवर दहा स्लाइड कर' म्हटलं की करायचा. 'शब्द कमी कर' म्हटलं की कमी करायचा. 'जरा भारदस्त कर' म्हटलं की पाण्याचं जलसंपदा करायचा. इथपर्यंत कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

मग त्याला डोळा बसवला. प्रोजेक्टरच्या माथ्यावर सुपारीएवढं एक भिंग. त्यामागचं शास्त्र अवघड नाही. समोरचं आवडलं की माणसाच्या डोळ्यातली बाहुली किंचित मोठी होते. कंटाळा आला की पापण्या जास्त वेळा मिटतात. पटलं नाही की दोन भुवयांच्या मध्ये केसाएवढी आठी पडते. हे कुणाला लपवता येत नाही. निवडून आलेल्यांनाही नाही. भिंग हे सगळं टिपायचं आणि मांडणीस त्याची बेरीज करून एक आकडा काढायचा. त्याला म्हणायचे होकारांक. होकारांक घसरायला लागला की स्लाइड पडद्यावर असतानाच मांडणीस ती बदलायचा, इतक्या अलगद की कुणाला पत्ता लागू नये. न आवडलेली ओळ आधी बारीक व्हायची, मग फिकट व्हायची, आणि मग परिशिष्टात जायची. आवडलेलं चित्र फुगत फुगत पडदाभर व्हायचं.

खोटा आकडा घालायला कायद्याने बंदी होती. खरा आकडा कुठे घालावा, याबद्दल कायदा काही बोलत नव्हता. त्यामुळे चार-दोन वर्षांतच राज्यातलं बहुतेक सत्य परिशिष्टात राहायला गेलं. निवांत वस्ती. कुणी येत नाही, जात नाही.

हिरडेगावने तर आणखी एक सोय मागून घेतली होती. ठरावाच्या मसुद्यावरून सभेत खुर्च्या उचलल्या जायच्या, म्हणून मसुदा लिहायचं कामही मांडणीसाकडे दिलं. सादरीकरण संपेपर्यंत सभेचा कल जिकडे जाईल, तसा ठराव तो शेवटच्या स्लाइडवर आपोआप लिहायचा, आणि नगराध्यक्ष तो मोठ्याने वाचायचे. या सोयीचं नाव होतं 'कलानुसारी ठराव'. तेव्हापासून हिरडेगावात एकही ठराव फेटाळला गेला नव्हता. बाहेरगावच्या नगरपरिषदा पाहणीदौरे काढून येत. त्यांच्यापुढे पराग सादरीकरण करी. तेही त्यांना आवडे.

थोडक्यात, पराग सुखी माणूस होता. दादासाहेबांना मनोरा सुचेपर्यंत.

नगराध्यक्ष दादासाहेब थोरबोले यांची गावात सात मजली वाहनतळ उभारून त्याला आपल्या वडिलांचं नाव देण्याची इच्छा होती. एवढी जागा गावात एकच होती: नगरपरिषदेचा पोहण्याचा तलाव. तो बुजवायचा आणि वर मनोरा. जुना वाहनतळ बाजाराच्या दिवशीसुद्धा निम्मा रिकामा असतो, हे परागने स्वतः उन्हात उभं राहून मोजलं होतं. तो आकडा परिशिष्टाच्या अगदी तळाशी, सुरक्षित होता.

आता या तलावावर रोज सकाळी चाळिशी उलटलेल्या बायकांना पोहायला शिकवायचं काम केतकी करत असे. दुपारी ती शाळेत खेळाची शिक्षिका, सकाळी तलावाची राणी. चाळीसएक बायका तिच्या हाताखालून पाण्यात उतरल्या होत्या. त्यांतल्या निम्म्यांनी त्याआधी बादलीपेक्षा जास्त पाणी एका जागी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्यात सर्वांत वयस्कर होत्या माई, परागच्या आई. जमिनीवर माईंना काठी लागे. जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या की गुडघा धरून त्या थांबत. पाण्यात मात्र त्या उताण्या पडून, हात पसरून, वरच्या घारी बघत तरंगत. डॉक्टर म्हणाले होते, हे बंद केलंत तर वर्षभरात चाकाची खुर्ची.

केतकीने हरकत घेतली. हरकतदाराला नगराध्यक्षांच्या दालनात पाच मिनिटं आणि मांडणीसाची मदत मिळत असे, लोकशाही होती. तिने स्लाइड स्वतः केल्या. पहिलीवर ठळक अक्षरांत 'तलाव वाचवा'. दादासाहेब आणि चार सभापती पांढरे टॉवेल टाकलेल्या खुर्च्यांमध्ये रेलून बसले होते. केतकी पडद्याकडे पाठ करून, त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून, पोटतिडकीने बोलली. जसजशी ती बोलत गेली, तसतसे समोरचे चेहरे खुलत गेले. शेवटी शेवटी तर दादासाहेब मान डोलवायला लागले.

"वा!" ते म्हणाले. "वहिनी, आमच्या मनातलं बोललात!"

केतकीने वळून पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर सात मजली मनोरा होता. निळ्या रंगाचा. भिंतींवर मासे काढलेले होते. वर लिहिलं होतं, 'तलावाच्या रंगाचा वाहनतळ: नागरिकांची मागणी'.

घरी जाताना ती परागच्या चार पावलं पुढे चालत होती.

"तुझ्या यंत्राने माझ्याच तोंडून पार्किंग मागून घेतलं!"

"यंत्र माझं नाही. शासनाचं आहे."

"आणि तू कुणाचा आहेस?"

"मीही तसा..."

ती थांबली. रसवंतीच्या दुकानापुढे, भर रस्त्यात. "पराग, एक सांग. अधिकारी म्हणून नको सांगू. तुला काय वाटतं? तलाव राहावा की जावा?"

परागने उत्तर देण्याआधी तिच्याकडे पाहिलं. बाहुल्या लहान. आठी होती. पापण्या अजिबात मिटत नव्हत्या. "म्हणजे, राहण्याला काही बाजू आहेत," तो म्हणाला. आठी किंचित हलली. "बऱ्याच बाजू आहेत."

"बघ! माझ्या भुवया वाचतोयस! अरे, लग्न तुझ्याशी केलंय मी, आरशाशी नाही. घरात आरसा आहे माझ्याकडे."

त्यानंतर घरातला सगळा व्यवहार माईंमार्फत होऊ लागला.

"माई, त्याला म्हणावं पोळ्या झाल्यात."

"माई, तिला म्हणावं ऐकू आलं."

"मला दोघांचंही ऐकू येतंय," माई म्हणाल्या. "गुडघे गेलेत माझे, कान नाहीत." केतकी स्वयंपाकघरात गेल्यावर त्यांनी मुलाकडे वळून पाहिलं. "लहानपणी तू असा नव्हतास रे. कारल्याची भाजी नको म्हणून अख्खं पातेलं उपडं केलं होतंस. पाहुणे बसले होते. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतंस."

"मग काय केलंत तुम्ही?"

"धोपटलं तुला. पण कारलं पुन्हा केलं नाही."

दुसऱ्या दिवशी पराग कचेरीत गेला तो सरळ रिकाम्या सभागृहात, आणि दार लोटून घेऊन मांडणीसाला म्हणाला, "त्या दिवशी दालनात केतकीचे डोळे तू पाहिलेस. तिला जीव तोडून काय सांगायचं होतं ते तुला कळलं होतं. तरी तिच्या स्लाइड का बदलल्यास?"

"साहेब, मी निर्णय घेणाऱ्यांचा होकारांक पाहतो," मांडणीस नम्रपणे म्हणाला. "सगळ्यांना सारखं धरलं तर निर्णयच होणार नाहीत."

"पण निर्णय घेणारा कोण, हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही. मी शिकलो. मला राज्यातल्या लाखो सभांची चित्रणं दाखवली होती. कुणाच्या कपाळावर आठी पडली की ठराव बारगळतो आणि कुणाच्या कपाळाला कितीही आठ्या पडल्या तरी काही होत नाही, हे मी ताडून पाहत गेलो. वय पाहिलं, जमलं नाही. कपडे पाहिले, जमलं नाही. आवाज पाहिला, मोठा आवाज तर उलट निघाला. शेवटी एक खूण मात्र जवळजवळ कधीच चुकली नाही."

"कुठली?"

"टॉवेल, साहेब."

परागला वाटलं, भिंगावर धूळ बसली असावी.

"खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असेल तर त्या खुर्चीतल्या माणसाचं मत शंभर माणसांएवढं धरायचं, असा माझा हिशोब बसला आहे. टॉवेल नसेल तर एकाएवढं. निकाल बरोबर येतात. त्या टॉवेलचं नेमकं कार्य काय, ते मात्र मला अजून कळलेलं नाही. आपल्याला ठाऊक आहे का?"

परागला ठाऊक नव्हतं. साहेबाच्या खुर्चीवर टॉवेल का असतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इंग्रज गेले, फाइली गेल्या, पंखे गेले, टॉवेल राहिला.

त्याने खात्री करून घेतली. बबनराव शिपाई निवृत्तीला आलेले, पाणीपट्टीवाढीचं नाव काढलं की करवादणारे. त्यांना साध्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून त्याने पाणीपट्टीवाढीची स्लाइड लावली. बबनरावांनी कपाळावर हव्या तेवढ्या आठ्या घातल्या. स्लाइड ढिम्म हलली नाही. मग परागने दादासाहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल आणून बबनरावांच्या पाठीमागे टाकला.

पाणीपट्टीवाढ बारीक झाली. फिकट झाली. गेली. तिच्या जागी एक गवळण घागर घेऊन हसत उभी राहिली.

"आयला," बबनराव म्हणाले, "हे आधी सांगायचं ना!"

पराग रीतसर मुख्याधिकारी शेवडेबाईंकडे गेला. मांडणीसाच्या हिशोबात चूक आहे, मनोऱ्याचा ठराव होणार त्या मोठ्या सभेआधी दुरुस्त करायला हवी, म्हणाला.

"हिशोब राज्यपातळीवरचा आहे," शेवडेबाई म्हणाल्या. "बदलायचा तर उच्चस्तरीय समितीपुढे सादरीकरण द्यावं लागेल."

"समिती कुठल्या खुर्च्यांवर बसते?"

"कुठल्या म्हणजे? नेहमीच्या. टॉवेलवाल्या. का हो?"

"काही नाही," पराग म्हणाला.

मोठी सभा सकाळी साडेआठला ठेवली होती. तलावावरच्या बायका तेव्हा पाण्याबाहेर निघत असतात आणि घरी जाऊन, आवरून येईपर्यंत ठराव होऊन जातो, याचा कुणीतरी नीट विचार केलेला होता. केतकीने ठरवलं की घरी जायचंच नाही. जसे आहोत तसे, ओल्या केसांनी, सगळ्यांनी थेट सभेला. स्लाइड अर्थातच नाहीत. नुसतं जाऊन बसायचं. हरलो तरी आपल्या डोळ्यांदेखत हरू.

त्या दिवशी पहाटेच ती आणि माई निघायच्या तयारीत असताना पराग चहाचा कप घेऊन दारात आला. नोकरीत आजवर त्याने नियमाबाहेर एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता.

"माई, हिला म्हणावं, सभागृहात एसी फार असतो."

"माई, त्याला म्हणावं, असू दे."

"केस ओले असतील. तलावावरचे टॉवेल बरोबर आणा म्हणावं. पिशवीत कोंबू नका. प्रत्येकीने आपल्या खुर्चीच्या पाठीवर नीट पसरून टाका. वाळतील."

केतकी चपलेचा पट्टा लावता लावता थांबली. तलावावरचे टॉवेल पांढरे होते. नगरपरिषदेने ते साहेबांच्या खुर्च्यांसाठी घेतले तेव्हाच, एकाच निविदेत घेतले होते.

"माई," ती हळूच म्हणाली, "त्याला विचारा, सभेत टॉवेल वाळत घालायचे, हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय?"

"परिशिष्टात," पराग म्हणाला, आणि आत निघून गेला. किती तरी दिवसांनी तो कुणाच्या भुवयांकडे न बघता बोलला होता.

सभागृह भरलं. पुढच्या रांगेत दादासाहेब आणि चार सभापती, आपापल्या टॉवेलांसह. मागे नगरसेवक. त्यांच्या मागे नागरिकांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या, बऱ्याचशा रिकाम्या. दादासाहेबांनी त्या रिकाम्या खुर्च्यांकडे समाधानाने पाहिलं आणि ते झोपी गेले. तीस वर्षांच्या सार्वजनिक जीवनात ते उघड्या डोळ्यांनी, चेहऱ्यावर आस्था ठेवून झोपायला शिकले होते. शेवटची स्लाइड आली की आपोआप जागे होत.

परागने पहिली स्लाइड लावली. सात मजली मनोरा, मागे सूर्योदय. आणि दार उघडलं.

आधी माईंची काठी आत आली, मग माई, मग केतकी, मग एकामागून एक चाळीस बायका. शेख भाभी, लोंढे काकू, दवाखान्यातल्या दोघी नर्स. क्लोरीनचा वास सभागृहभर पसरला. थंडीने कुडकुडत प्रत्येकीने आपापला टॉवेल झटकला आणि खुर्चीच्या पाठीवर व्यवस्थित पसरून टाकला. मग त्या बसल्या.

परागच्या कानातल्या बटणात मांडणीस कुजबुजला. "साहेब, आज मान्यवर फार आले आहेत."

"असू देत," पराग ओठ न हलवता म्हणाला.

"मंत्रालयातून आले आहेत का?"

"जवळूनच आलेत."

"मान्यवरांचे केस ओले आहेत."

"तू स्लाइडकडे लक्ष दे."

पराग बोलायला लागला. "हिरडेगावच्या वाहतुकीची निकड लक्षात घेता सात मजली..." चाळीस कपाळांवर चाळीस आठ्या पडल्या. मनोऱ्याचे मजले पाच झाले. पराग सराईत होता. जे पडद्यावर येईल ते वाचायचं, हेच त्याने वर्षानुवर्षं केलं होतं. "...पाच मजली," तो म्हणाला. मजले तीन झाले. "...आटोपशीर, तीन मजली..." सूर्य मावळला. मनोऱ्याचं शेड झालं, शेडखाली एक स्कूटर राहिली, मग स्कूटरही निघून गेली. बायका खुर्चीत पुढे सरकल्या. काय चाललंय ते त्यांना कळेना, पण बरं चाललं होतं. बाहुल्या मोठ्या व्हायला लागल्या.

मोकळ्या पडद्यावर पाणी आलं. थोडंसं, कोपऱ्यात. "अगंबाई," लोंढे काकू म्हणाल्या, आणि पाणी पडदाभर पसरलं.

मांडणीसाने आता नगरपरिषदेच्या जुन्या छायाचित्रांमध्ये हात घातला. पडद्यावर माई आल्या. उताण्या, हात पसरून, डोळे आभाळाकडे. खाली ओळ उमटली: 'गुडघेदुखीवर उपाय. खर्च: नाममात्र'. शेख भाभी टाळी वाजवून म्हणाल्या, "माई, आप तो हिरॉइन निकली!"

आणि मग परिशिष्टाच्या तळातून, गाळातून मासा उसळावा तसा, तो आकडा वर आला. 'जुना वाहनतळ, बाजाराचा दिवस: निम्मा रिकामा'.

पुढच्या रांगेतल्या एका सभापतींची चुळबुळ झाली. शेवडेबाईंनी मान वळवून परागकडे पाहिलं. परागच्या अंगठ्याखाली रिमोटवर एक पिवळं बटण होतं. ते दाबलं की मांडणीस गोठायचा आणि मूळ स्लाइड परत यायच्या. सूर्योदय, सात मजले, सगळं. यंत्र बिघडलं होतं, असं म्हणता आलं असतं; त्यात तसं खोटंही काही नव्हतं. दाबलं नाही, तर उद्या चौकशीत उत्तर त्यालाच द्यावं लागणार होतं.

त्याने सवयीने समोरचे चेहरे वाचायला सुरुवात केली. मग केतकीवर नजर गेली. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

परागने रिमोट टेबलावर ठेवला. पालथा.

"हे खरं आहे," तो म्हणाला. पडद्यावर असं काही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे आवाज जरा फाटला. "मी स्वतः उभं राहून मोजलंय. मनोऱ्याची गरज नाही. तलाव राहायला हवा. हे माझं मत आहे."

हिरडेगावच्या सभागृहात गेल्या कित्येक वर्षांत कुणाला मत असल्याचं आढळलं नव्हतं. क्षणभर सगळेच गोंधळले. कानात मांडणीस म्हणाला, "साहेब, आपल्या खुर्चीवर टॉवेल नाही. हे कुठे घालू?"

"कुठेही घाल," पराग म्हणाला. "परिशिष्टात सोडून."

शेवटची स्लाइड आली. दादासाहेब जागे झाले. वर्षानुवर्षांच्या सवयीने ते उठले, कोट सारखा केला, आणि पडद्यावरचा ठराव खणखणीत आवाजात वाचू लागले.

"ठराव. पोहण्याचा तलाव आहे त्या जागी कायम ठेवण्यात यावा. फुटलेल्या फरशा महिन्याभरात बदलाव्यात. महिलांसाठी संध्याकाळची वेळही सुरू करावी. वयस्कर नागरिकांना पाण्यात उतरण्यासाठी कठडा बसवावा. तलावास..." इथे ते किंचित अडखळले, पण थांबले नाहीत, सुरू केलेलं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी अर्धवट सोडलं नव्हतं. "...कैलासवासी रावसाहेब थोरबोले यांचे नाव देण्यात यावे. सर्वानुमते मंजूर!"

मांडणीस काही वेडा नव्हता. पुढच्या रांगेतल्या पाच टॉवेलांनाही त्याने उपाशी ठेवलं नव्हतं.

नगरसेवकांनी बाकं वाजवली. ते नेहमीच वाजवत. पण आज त्यांच्या मागून चाळीस बायकांनी जो टाळ्यांचा आणि शिट्ट्यांचा गजर केला, तसला या सभागृहाने पूर्वी ऐकला नव्हता. एक सभापती दादासाहेबांच्या कानाशी लागले. दादासाहेबांचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "साळवेकर!" ते गरजले. "हे काय..."

पण तोवर माई काठी टेकत पुढे पोचल्या होत्या. सत्काराला शाल हवी, आणि शाल कुणी आणलेली नव्हती. माईंनी आपला ओला टॉवेल दादासाहेबांच्या खांद्यावर पांघरला, नीट चापून बसवला आणि म्हणाल्या, "वडिलांचं नाव राखलंत हो! मनोऱ्यात गाड्या राहिल्या असत्या. आता रोज सकाळी चाळीस घरच्या लेकीसुना तुमच्या वडिलांचं नाव घेऊन पाण्यात उतरतील."

वार्ताहरांनी फोटो काढले. खांद्यावर काहीतरी पडलेलं असताना, समोर कॅमेरा असताना, दादासाहेबांना हात जोडण्याखेरीज दुसरं काही सुचणं शक्यच नव्हतं. त्यांनी हात जोडले. ते हसले. मानेवरून पाण्याचा एक ओघळ पाठीत उतरला तेव्हा त्यांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या चांगल्या मोठ्या झाल्या, आणि मांडणीसाने त्याची नोंद 'अत्यानंद' अशी केली.

दुसऱ्या दिवशी चौकाचौकांत फलक लागले. 'पाण्याचे कैवारी दादासाहेब'. टॉवेलसकट. मग चौकशी कशाची करणार? ज्या ठरावाचे फलक लागलेत, तो चुकून झाला असं कुठल्या तोंडाने म्हणणार? शेवडेबाईंनी परागला बोलावून एवढंच विचारलं, "त्या दिवशी बायकांना टॉवेल आणायला कुणी सांगितलं होतं?"

"मी," पराग म्हणाला.

शेवडेबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या भुवया कुठे होत्या, हे परागने पाहिलं नाही. "पुढच्या सभेला," त्या म्हणाल्या, "पाणीपट्टी आहे. सगळ्याच खुर्च्यांना टॉवेल लावून घ्या. नागरिकांच्यासुद्धा. एसी फार असतो."

घरी केतकी मेथी निवडत बसली होती.

"का केलंस?" तिने थेट विचारलं. माई शेजारीच होत्या, पण त्यांना मध्ये घातलं नाही.

परागने खिशातल्या फोनला हात लावला नाही. "मला तलाव हवा होता," तो म्हणाला. "माई तरंगतात ते बघायला आवडतं मला. आणि तू काठावर उभी राहून ओरडतेस, तेही."

"मी ओरडत नाही."

"ओरडतेस. आणि त्या दिवशी मी कोथिंबीर विसरलो, कारण मी रसवंतीत बसलो होतो. दोन ग्लास प्यायलो."

केतकीला हसू आवरेना. "मग हे एका वाक्यात सांगता येत नव्हतं? नऊ स्लाइड!"

"आभार तरी मानले होते."

"उद्या सकाळी तलावावर ये," ती म्हणाली. "गावाचा तलाव वाचवलास आणि स्वतः दगडासारखा बुडतोस."

सकाळी पराग कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडत उभा होता. काठावर केतकी ओरडत होती. पलीकडे माई उताण्या पडून घारी मोजत होत्या. "मान सैल सोड रे!" त्या तिथूनच म्हणाल्या. "पाण्याच्या तोंडाकडे बघू नकोस. वर बघ!" परागने मान सैल सोडली, पाय उचलले, नाकातोंडात पाणी गेलं, पुन्हा उचलले. आणि मग, त्याला नेमकं कधी ते कळलं नाही, पण खाली काही नव्हतं, वर आभाळ होतं, आणि तो होता. चाळीस बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने कुणाकडे बघितलं नाही. मान हलवली असती तर बुडाला असता.

त्याचा फोन काठावर, एका प्लास्टिकच्या स्टुलावर उभा ठेवलेला होता. समोरच्या खुर्चीच्या पाठीवर त्याने आपला पांढरा टॉवेल टाकला होता. फोनमधल्या मांडणीसाने कॅमेऱ्यातून ती खुर्ची पाहिली. खुर्चीत कुणीच नव्हतं, पण टॉवेल होता. मांडणीसाने अदबीने पाणीपट्टीवाढीची पहिली स्लाइड लावली आणि तो वाट पाहू लागला. आठी पडली नाही. पापणी हलली नाही. सबंध तासभर एकही हरकत आली नाही.

इतका समंजस अधिकारी आपण आजवर पाहिला नाही, अशी नोंद करून त्याने ठराव लिहायला घेतला.